थेंबही न सांडता अमेरिकेला

३ एप्रिल १८५१, लिव्हरपूल

आजपासून रोजनिशी. आमचे लॉर्डसाहेब रोज लिहीत. काय लिहीत कोण जाणे, पण लिहीत, आणि त्यांची दौत मी भरत असे. आता दौत माझी, शाई माझी. इंग्लंडला कायमचा रामराम.

निश्चय पुढीलप्रमाणे. यापुढे दुसऱ्याच्या जेवणाचा ट्रे हातात धरणार नाही. मला माझ्या खऱ्या नावानं हाक मारावी लागेल: ओबडाया ट्रिंडर. हवेलीत पहिल्या फूटमनला, म्हणजे टेबलावर वाढणाऱ्या वर्दीतल्या नोकराला, जेम्सच म्हणायची पद्धत, कारण लेडीसाहेबांना नवं नाव लक्षात ठेवायचा कंटाळा. आधीचा जेम्स वारला त्याच दिवशी दुपारच्या जेवणाला मी जेम्स झालो. आणि सगळ्यात मोठा निश्चय म्हणजे, टॅम्सिन मला बाबा म्हणेल.

फूटमननं लग्न करायचं नसतं. कळलं तर नोकरी गेली. मी केलं. हेस्टर हवेलीच्या धोबीखान्यात होती. तिला गावात खोली घेऊन दिली, मिसेस सॅलिस, खलाशाची विधवा म्हणून. मी तिचा भाऊ. रविवारी दुपारची सुट्टी मिळाली की बहिणीला भेटून येतो म्हणून जायचं. पोर झाली, टॅम्सिन, बोलायला लागली, ती मला मामा म्हणतच. गावात एका माणसाला संशय आला नाही. हवेलीवर पाहुणे नाटकं बसवत, तीही इतकी चोख होत नसत.

आता ते सगळं संपलं. हेस्टर म्हणाली, "चारचौघांत मला बायको म्हण आणि पोरीला पोर म्हण. मग कुठंही ने, मी येते." एवढीच अट. बायका किती थोडक्यात समाधान मानतात!

वर्दी पेटीच्या तळाशी ठेवली आहे. गेल्या वर्षीची, म्हणजे हक्काची; नवी मिळाली की जुनी नोकराची होते. निळी मखमल, चंदेरी गोंडे. हेस्टर म्हणाली, ही कशाला? मी म्हटलं, टॅम्सिनला जाकीट होईल. मखमल काय रोज मिळते?

५ एप्रिल, जहाजावर

एक किरकोळ गफलत झाली आहे.

तिकिटाच्या खिडकीवर कारकुनानं विचारलं, लग्न झालंय? माझ्या तोंडून निघालं, नाही. इतकी वर्षं हाच प्रश्न, हेच उत्तर. तोंडाला वळण पडलेलं. पुढं त्यानं विचारलं, बरोबर कोण? मी म्हटलं, बहीण, विधवा, एक मुलगी. खिडकीपासून दूर आल्यावर लक्षात आलं, पण मागं रांग लागली होती, आणि रांगेतल्या लोकांच्या अंगाला मासळीचा वास येत होता.

परिणाम असा की, खालच्या डेकवर कुटुंबं मधे आणि सडे पुरुष पुढच्या टोकाला. मी पुढच्या टोकाला. माझ्या एका बाजूला नांगऱ्या, दुसऱ्या बाजूला भजनं म्हणणारा चांभार. दोघेही घोरतात, पैकी चांभार तालात.

हेस्टर म्हणाली, "आत्ता जा आणि सांग." मी जहाजाच्या तांडेलाकडे गेलो होतो. तो बाह्या वर सारून दोरखंड ओढत होता आणि शिव्या देत होता. आपल्या लग्नाची गोष्ट अशा माणसापुढे काढायची? ती कॅप्टनलाच सांगायची, नीट कोट घालून, योग्य वेळ पाहून. उद्या सांगतो.

७ एप्रिल

समुद्र बरा. शेजार वाईट.

हेस्टरच्या फळीशेजारी क्लेग म्हणून एक विणकर आहे, लँकशायरचा. त्याची बायको नॅन. आवाज असा की गिरणी चालू असतानाही ऐकू जावा, आणि आता गिरणी नाही तरी तो तेवढाच. दोघे दोन शब्दांत ओळख करून घेतात आणि तिसऱ्या शब्दाला तुमच्या भांड्यात डोकावतात. लॉर्डसाहेबांच्या इस्टेटीवर असली माणसं फाटकाबाहेर उभी राहत.

आज डेकवर टॅम्सिनला धडा दिला. म्हटलं, म्हण, बाबा. तिनं आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली, आणि मग हळूच म्हणाली, "मामा, इथं चालेल ना?" मी तिला किती उत्तम तयार केलं होतं! हवेलीतल्या एकाही नव्या पोऱ्याला मी इतकं चांगलं शिकवू शकलो नाही.

क्लेगनं पाहिलं असावं. संध्याकाळी म्हणाला, "भाचीवर फार जीव दिसतो तुमचा." मी म्हटलं, ती माझी, आणि तेवढ्यात कॅप्टन वरून गेला म्हणून टोपी काढावी लागली. वाक्य राहून गेलं.

उद्या नक्की.

९ एप्रिल

खालच्या डेकला कोरडा शिधा मिळतो. पीठ, तांदूळ, खारवलेलं मांस, चहा. शिजवायचं ज्याचं त्यानं. सगळ्यांना मिळून वर एकच विटांची चूल. सकाळपासून तिथं झुंबड. भांड्याला भांडं, कोपराला कोपर. मी पाहिलं आणि ठरवलं, इथं शिस्त लावायची तर आपणच.

हवेलीत नोकरांच्या पंगतीतसुद्धा मान ठरलेला असतो. वर बटलर, समोर हाउसकीपर, मग फूटमन, मग बाकीचे. पाहुण्यांचे नोकर आले तर त्यांना मालकाच्या मानानं बसवतात. मी चुलीशेजारी पेटीवर उभा राहिलो आणि सांगितलं, कुणी कुठं नोकरी केली ते सांगा, त्याप्रमाणे नंबर लावतो. लॉर्डाकडचे आधी, मग पाद्र्याकडचे, मग दुकानदारांकडचे, शेवटी गिरणीवाले.

सगळे गप्प झाले. मला वाटलं, पटलं.

मग क्लेग म्हणाला, "आणि ज्यानं कुणाची चाकरीच केली नाही त्यानं कुठं उभं राहायचं, लॉर्डसाहेब?" लोक हसले. हसण्यासारखं काय होतं मला अजून कळलेलं नाही. नॅननं पातेलं चुलीवर आदळून जाहीर केलं, "ज्याचं पोर आधी रडेल त्याचं भांडं आधी!" आणि हाच कायदा मंजूर झाला. अमेरिकेत म्हणे राज्यकारभारही असाच चालतो.

मी रांगेत उभं राहायला साफ नकार दिला. तत्त्वाचा प्रश्न होता. माझी पाळी आली तेव्हा खलाशी चुलीवर समुद्राचं पाणी ओतत होते. भात थोडा कच्चा लागला. हेस्टर आणि टॅम्सिन क्लेगांच्या पातेल्यात जेवल्या. त्यांना तत्त्व कशाशी खातात माहीत नाही.

१२ एप्रिल

बोट लागली.

१३ एप्रिल

अजून. बादली चांभाराची वापरली. त्यानं त्यावर भजन म्हटलं.

हेस्टरनं पुढच्या भागात यायचा प्रयत्न केला. तांडेलानं अडवलं, सड्या पुरुषांकडे बायकांनी जायचं नाही. ती म्हणाली, "अहो, तो माझा..." तांडेल म्हणाला, "भाऊ, माहीत आहे. भाऊ काही उलट्यांनी मरत नाही, बाई." असा उद्धट माणूस! बरं वाटलं की कॅप्टनकडे दोन्ही गोष्टी एकदम काढतो.

१६ एप्रिल

रात्रीच्या वादळात केबिनवाल्यांचा वाढपी जिन्यावरून पडला आणि त्याचा पाय मोडला. आज कॅप्टनचा माणूस खाली आला आणि ओरडून म्हणाला, टेबलाचं काम कुणाला येतं का? मी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. क्लेगनं माझ्याकडे बोट दाखवलं. "हे आहेत की! यांच्याशिवाय लॉर्डाच्या घशाखाली घास उतरत नव्हता."

त्याचा हेतू टोमण्याचा होता. पण परिणाम चांगला झाला. कॅप्टन ब्रीड यांनी मला उद्यापासून आपल्या टेबलावर बोलावलं आहे. अखेर माणसाची पारख असलेलं कुणीतरी या जहाजावर आहे. आता लग्नाचा विषय काढायला याहून चांगली संधी नाही. हेस्टरला तसं सांगितलं. ती म्हणाली, "तू बसणार आहेस की उभा राहणार आहेस?" असल्या तपशिलात मी शिरत नाही.

१७ एप्रिल

पूर्ण वर्दी चढवली. मोज्यांच्या आत पोटऱ्यांना गाद्या बांधल्या, भरीव दिसाव्यात म्हणून फूटमन बांधतात तशा. माझ्या पोटऱ्या जन्मजात चांगल्या आहेत, त्याच जोरावर मला हवेलीत घेतलं. गादी लावतो ती थंडीसाठी. केसांना पावडर हवी होती. पावडर नसलेला फूटमन म्हणजे निव्वळ निळ्या कोटातला माणूस. शिध्याच्या पेटीत हेस्टरच्या पिशवीत बारीक पीठ सापडलं. पाण्यानं केस ओले करून लावलं. उत्तम बसलं.

कॅप्टनच्या केबिनमधे दिवे, पांढरा टेबलक्लॉथ, चांदीचे चमचे. पाहताच माझा हात आपोआप चमचे सरळ करू लागला हे कबूल करतो. ट्रे माझ्या हातात होता हे खरं. पण मनानं मी तो धरलेला नव्हता. त्यामुळे निश्चय मोडला असं म्हणता येणार नाही.

जहाज एवढं कलंडत होतं की कॅप्टन स्वतः खुर्चीला धरून बसले होते. माझ्या हातून सुपाचा एक थेंब सांडला नाही. लग्नाचं आज बोललो नाही. लोक सूप पीत असताना घरगुती गोष्टी काढणं असभ्यपणाचं.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

आज एक विनाकारण कटकट.

ते पीठ हेस्टरनं आजच्या बनसाठी राखून ठेवलं होतं. गुड फ्रायडेला वर क्रूस काढलेले गरम बन झालेच पाहिजेत असा तिचा हट्ट असतो. टॅम्सिन म्हणे लिव्हरपूल सोडल्यापासून वाट बघत होती. मी म्हटलं, मला स्वप्न पडलं होतं का? हेस्टर माझ्या डोक्याकडे बघत राहिली. केस अजून पांढरे होते. "धू नको आता," ती म्हणाली, "निदान दिसेल तरी कुठं गेलं ते."

नॅन क्लेगनं आपल्यातला अर्धा बन टॅम्सिनला दिला. पोरीनं त्याचे दोन तुकडे केले आणि एक माझ्यापुढं धरला. मी घेतला नाही. गिरणीवाल्यांचं खायची सवय लावून घ्यायची नाही, एकदा लागली की सुटत नाही.

नंतर भूक लागली.

२१ एप्रिल

केबिनमधल्या मंडळींबद्दल. अमेरिकन लोक चहा बशीत ओतून पितात. चाकू तोंडात घालतात. एक व्यापारी आहे, तो मांस चघळता चघळता पुढच्या घासाबद्दल बोलतो. कॅप्टन मला "तू रे" म्हणून हाक मारतात. यांना शिकवायला एक आयुष्य पुरणार नाही.

पण एक बाई आहेत. मिसेस हॉलिस्टर, न्यूयॉर्कच्या. विधवा, श्रीमंत, मांडीवर छोटा कुत्रा. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. पोटऱ्यांकडेही पाहिलं. म्हणाल्या, "तुझं नाव काय?"

मी म्हटलं, जेम्स, मॅडम.

असं का म्हणालो? खोलीत गोंगाट होता. ओबडाया म्हटलं असतं तर त्यांना पुन्हा विचारावं लागलं असतं, आणि बाईमाणसाला दोनदा विचारायला लावायचं नाही हा माझा नियम. शिवाय नावात काय आहे?

२६ एप्रिल

वादळ. लिहिताना हात उडतोय.

दुपारी सूप घेऊन स्वयंपाक्याकडून केबिनकडे निघालो होतो. मधला उघडा डेक ओलांडावा लागतो. खालच्या डेकचं झाकण अर्धं उघडं होतं आणि आत बायका किंचाळत होत्या. त्यातून टॅम्सिन वर आली. एकटी, डोक्यावर काही नाही, जिन्याच्या कडेला घट्ट धरून. मला पाहिलं आणि ओरडली, "बाबा!"

कुणी शिकवलेलं नव्हतं, कुणाकडे पाहिलं नव्हतं. पूर्ण जोरात, "बाबा, बाबा!"

केबिनच्या दारात मिसेस हॉलिस्टर उभ्या होत्या, कुत्र्याला पोटाशी धरून, मला वाट मोकळी करून देत. माझ्या दोन्ही हातांत सुपाचं भांडं. मी काय करायला हवं होतं? ऐकू आलं नाही असं दाखवत चालत राहिलो. वाराच तसा होता, कुणालाही ऐकू आलं नसतं. मागं क्लेगचा आवाज आला, "ये गं बाळा, माझ्याकडे ये," आणि झाकण बंद झालं.

थेंब सांडला नाही. फक्त डाव्या पायाची गादी फिरून पुढं नडगीवर आली, आणि व्यापारी फार हसला.

एवढं मात्र लिहून ठेवतो. तो शब्द ऐकून मला इतका आनंद झाला की पाऊल चुकलं. वादळानं नव्हे. पुन्हा म्हणेल तेव्हा थांबेन.

२८ एप्रिल

म्हणाली नाही. थांबलो होतो.

२ मे

मोठी बातमी!

मिसेस हॉलिस्टरनी मला जेवणानंतर थांबवून घेतलं. न्यूयॉर्कला त्यांचं दगडी घर आहे, दारात खांब, घरात आयरिश नोकर, आणि इंग्लिश फूटमन संपूर्ण रस्त्यावर कुणाकडे नाही. मला ठेवायला तयार आहेत. नवी वर्दी, माझ्या मापाची. म्हणाल्या, "खऱ्या हवेलीतला माणूस! माझ्या मैत्रिणी जळून जातील."

मग विचारलं, "बायकापोरांचं लटांबर नाही ना मागं? तसलं मला चालत नाही."

मी म्हटलं, नाही, मॅडम.

खोटं बोललो असं नाही. जहाजाच्या दप्तरात तसंच लिहिलेलं आहे. कॅप्टनसमोर दुसरं काही बोलणं म्हणजे त्यांच्या दप्तरावर शंका घेणं झालं असतं.

निश्चयांबद्दल विचार केला. अमेरिकेत मालक-नोकर नसतात. तेव्हा तिथं एखाद्याच्या खुर्चीमागं उभं राहणं म्हणजे नोकरी नव्हेच. दोन समान माणसांपैकी एक बसलेला आणि एक उभा, एवढंच.

५ मे

हेस्टरला चुलीपाशी गाठलं आणि सगळी योजना समजावली. आता तिला रांगेत कुणी ढकलत नाही, बायका तिला जागा देतात. का कोण जाणे.

योजना साधी आहे. तिनं मिसेस हॉलिस्टरच्या घराजवळ खोली घ्यायची, खलाशाची विधवा म्हणून. मी रविवारी दुपारी येईन. सगळं पूर्वीसारखं, फक्त देश नवा.

ती पीठ मळत राहिली. मग विचारलं, "आणि पोरीनं तुला काय म्हणायचं?"

मी म्हटलं, सध्यापुरतं... तिला सवय आहेच.

क्लेग मागं उभा होता, भांडं घेऊन. त्याच्या तोंडावर टोमणा आलेला मला दिसला, पण तो बोलला नाही. तेच जास्त लागलं. हेस्टर म्हणाली, "तू ज्याच्यासाठी देश सोडलास तेच तिथं पुन्हा मांडतोयस, ओबडाया. एवढ्यासाठी समुद्र कशाला ओलांडायचा? नाला ओलांडून गेलो असतो." आणि पिठाचा गोळा असा आपटला की नॅननं दचकून भांडं उचललं.

तिला घराचे खांब पाहू दे. मत बदलेल.

१० मे

जमीन दिसली. खालच्या डेकवर आरडाओरडा, गळ्यात गळे, टोप्या हवेत. मी ब्रशनं मखमल साफ केली.

हेस्टर पुढच्या भागाच्या तोंडापर्यंत आली. तांडेलानं या वेळी अडवलं नाही, तोंड फिरवून उभा राहिला. ती म्हणाली, धक्क्याला लागल्यावर कॅप्टन यादी वाचून एकेकाला खाली उतरवणार आहे. कुटुंबं एकत्र उतरतात. "तुझं नाव आलं की एवढंच म्हण, ही माझी बायको, ही माझी मुलगी. मिसेस हॉलिस्टरसमोर म्हण. मग उपाशी राहिलो तरी मी तुझ्याबरोबर. नाहीतर मी आणि टॅम्सिन क्लेगांबरोबर जातोय, त्यांच्या भावाच्या गावी. तिथं गिरणीत कपडे धुवायला बाई हवी आहे."

मी म्हटलं, एवढंच ना? त्यात काय अवघड आहे!

आणि खरंच अवघड नाही. वाक्य तयार केलं. "कॅप्टनसाहेब, दप्तरात एक किरकोळ चूक राहून गेली आहे. या माझ्या पत्नी, मिसेस ट्रिंडर, आणि ही माझी कन्या." चांभारापुढं दोनदा म्हणून दाखवलं. तो रडला. असली माणसं कशालाही रडतात. पण मलाही बरं वाटलं. कोट खुंटीला टांगला. वर्दी घालणार नाही, साधाच कोट घालीन. मिसेस हॉलिस्टर समजूतदार बाई आहेत, सांगितलं तर समजतील. नाही समजल्या तर नाही. मला कुणाची भीती नाही.

१२ मे, न्यूयॉर्क

पोचलो. प्रकृती उत्तम. घर छान आहे. खांब आहेत.

सकाळचं व्यवस्थित लिहून ठेवतो. साधा कोट घातला होता, बटणंही लावली होती. एवढ्यात कॅप्टनचा माणूस आला, केबिनवाल्यांचा शेवटचा नाश्ता आहे, वर्दीत ये. नाश्त्यानंतर बदलायला वेळ मिळेल असं धरून चाललो होतो. मिळाला नाही. मिसेस हॉलिस्टरनी एका हातात टोप्यांची पेटी दिली आणि दुसऱ्या हातात कुत्रा. म्हणाल्या, माझ्या मागं उभा राहा.

यादी सुरू झाली. कॅप्टन म्हणाले, "ट्रिंडर, सडा."

समोर हेस्टर उभी होती, टॅम्सिनचा हात धरून, पाठीवर गाठोडं. टॅम्सिनचे केस तिनं विंचरून फीत बांधली होती. दोघी माझ्याकडे बघत होत्या. क्लेग बघत होता, नॅन बघत होती, चांभार ओठ हलवत होता, माझंच वाक्य म्हणत होता बहुधा. सगळं जहाज गप्प झालं. असली शांतता मी फक्त लॉर्डसाहेब घास घेऊन मत देण्याआधी पाहिली आहे.

मी तोंड उघडलं. वाक्य तयारच होतं. मिसेस हॉलिस्टर मागं न वळता म्हणाल्या, "जेम्स, कुत्र्याला ऊन लागतंय."

मी म्हटलं, हो, मॅडम.

कॅप्टननी पुढचं नाव घेतलं. "मिसेस सॅलिस, विधवा, एक मुलगी." हेस्टर म्हणाली, "हो, विधवा," आणि हे तिनं इतकं स्पष्ट म्हटलं की यादीतलं दुसरं कुठलंच नाव मला आठवत नाही.

जाताना टॅम्सिन माझ्यासमोर थांबली. हातात क्लेगनं दिलेली लाकडी बाहुली होती. तिनं आधी डावीकडे पाहिलं नाही, उजवीकडे पाहिलं नाही. मी शिकवलं होतं तसा गुडघा वाकवला आणि म्हणाली, "येते, मामा."

माझे दोन्ही हात अडकले होते. कुत्रा हात चाटत होता. त्या धक्क्याच्या गर्दीत शिरल्या. नॅनचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता, मग तोही नाही.

क्लेगांच्या भावाचं गाव कोणतं ते विचारायचं राहून गेलं. विचारतो कुणालातरी. उद्या.

इथं घरात गाडीवानाचं नाव आधीच जेम्स आहे. गोंधळ नको म्हणून मिसेस हॉलिस्टरनी मला थॉमस केलं. चांगलं नाव आहे.

जेवणाला मैत्रिणी आल्या होत्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, हवेलीबद्दल विचारलं, त्यांना हवं तसं सांगितलं. मग मिसेस हॉलिस्टरनी सहज विचारलं, "थॉमस, जहाजावरून उतरताना तुला वाकून नमस्कार करणारी ती गोड मुलगी कोण रे?"

मी म्हटलं, माझी भाची, मॅडम.

आणि ग्लास भरता भरता वाइन सांडली. थोडी नाही, सगळ्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर. माझ्या हातून आजवर कधी सांडलं नव्हतं. घर दगडी आहे, जमीन जागची हलत नाही, वारा नाही. जहाज अजून अंगात आहे, दुसरं काही नाही.